वर्गणी आणि तिकीट

हैदराबाद शहराच्या नावाने सहा हंगाम खेळलेला फुटबॉल संघ २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपले बिऱ्हाड उचलून दिल्लीला गेला आणि तेथे नव्या नावाने उभा राहिला. याच संघाने २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगचे विजेतेपद पटकावले होते आणि त्या रात्री हैदराबादच्या क्रीडाप्रेमींनी तो आपलाच विजय मानला होता. त्याआधी २०१९ मध्ये असाच अनुभव पुणेकरांच्या वाट्याला आला. बालेवाडीच्या मैदानावर पाच हंगाम खेळलेला पुण्याचा संघ बंद पडला आणि लीगमधील त्याची रिकामी जागा हैदराबादला मिळाली. म्हणजे लीगमधील एकच जागा सहा वर्षांत पुणे, हैदराबाद आणि दिल्ली अशी तीन शहरे फिरून आली. तिन्ही ठिकाणी लोकांनी तिकिटे काढली, संघाचे सदरे अंगावर चढवले, पराभवानंतर हळहळ व्यक्त केली. परंतु संघ ठेवायचा की हलवायचा, हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. तसे विचारण्याचे बंधनही कोणावर नव्हते. ज्याने तिकीट काढले त्याला नव्वद मिनिटांचा खेळ दाखवण्यात आला. व्यवहार तेथेच पुरा झाला.

हा व्यवहार बेकायदा नाही आणि त्यात कोणी कोणाला फसवले असेही म्हणता येणार नाही. तरीही त्यातून एक प्रश्न उरतोच. एखाद्या शहरातील माणूस स्थानिक संघाच्या मागे उभा राहतो तेव्हा त्याला केवळ करमणूक हवी असते काय? करमणूकच हवी असेल तर तिच्यासाठी आज घराबाहेर पडण्याचीही गरज नाही. युरोपातील उत्तमोत्तम सामने घरच्या पडद्यावर दिसतात आणि त्यांच्या तुलनेत आपल्याकडील कोणताही संघ फिकाच वाटावा. असे असूनही हजारो माणसे भर उन्हात सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून दुय्यम दर्जाचा खेळ पाहतात, याचे कारण खेळापेक्षा वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. त्या पायऱ्यांवर माणसाला शेजारी मिळतो. या गावात आपण नुसते राहत नाही, या गावाचे आपण आहोत, ही जाणीव त्याला तेथे होते. ही भूक खरी आहे. ती भागवण्याचे आश्वासन आज अनेकजण देत आहेत, आणि म्हणूनच कोणते आश्वासन टिकाऊ आहे व कोणते नाही, याचा विचार करणे आवश्यक आहे.

तालमीचा वारसा

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कोल्हापूरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. क्रिकेटने सारा देश व्यापला असताना या शहराने फुटबॉल जिवापाड जपला आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावे उच्चारताच कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे संघाआधी पेठ उभी राहते. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की शहराचे निम्मे लक्ष त्या मैदानाकडे लागलेले असते. विश्वचषकाच्या दिवसांत याच पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे फडकतात. पण ते पाहुण्यांचे कौतुक असते. घरचे भांडण तालमींचे!

यातील 'तालीम' हा शब्द महत्त्वाचा आहे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींना नवे तेज आले. परंतु तालीम ही केवळ जोर-बैठका मारण्याची जागा कधीच नव्हती. गल्लीतील लग्नकार्य, मयत, भांडणतंटा, गणेशोत्सव, मोहरमचे पंजे, पूर आला तर मदतीचे काम, हे सारे तालमीच्या कट्ट्यावरूनच हलत आले आहे. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजे एकाच छताखाली बसल्याचे कोल्हापूरने पाहिले आहे. अशा संस्थांनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले, तेव्हा ते संघ पेठेच्या अंगावर बाहेरून घातलेला सदरा नव्हते. पेठेचे एकत्र जगणे आधीपासून होते. संघ ही त्या जगण्याची एक शाखा होती.

हा संघ चालतो कशावर? आजवर तो मुख्यतः वर्गणीवर चालत आला. वर्गणी हा शब्द मराठी माणसाच्या कानाला इतका सवयीचा आहे की त्यातील अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. तिकीट आणि वर्गणी या दोन्हींत खिशातून पैसेच जातात. पण तिकिटाने माणूस ग्राहक होतो आणि वर्गणीने भागीदार होतो. तिकिटाच्या बदल्यात काय मिळणार ते आधीच ठरलेले असते. वर्गणीच्या बदल्यात ठरलेले असे काहीच मिळत नाही. मिळतो तो हिशेब विचारण्याचा अधिकार. दुकानदाराने भिंतीला रंग दिला नाही म्हणून गिऱ्हाईक रागावत नाही, ते दुसऱ्या दुकानात जाते. वर्गणीदार मात्र रागावतो, भांडतो, सभेत आवाज चढवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी देतो. या रागावण्याच्या हक्कालाच आपलेपणा म्हणतात.

या वर्गणीचा महिमा सांगणारे सर्वांत मोठे उदाहरण याच परिसरातले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते सरकारी तिजोरीच्या जोरावर नव्हे. गावोगाव जमलेले पैसे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून उभी केलेली रक्कम यांवर तो प्रवास झाला. तेथे त्यांनी मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. खाशाबांनी नंतर कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले. देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याने फेडले. गाव आणि खेळाडू यांच्यातील नाते असे दुहेरी असते. ज्या संघाला आपल्या गावाचे काहीच देणे लागत नाही, त्याच्यावर गावाने कितीही माया केली तरी ती एकतर्फीच राहते.

निर्वासितांचे घर

स्थानिक संघामुळे माणूस समाजाचा घटक होतो याचा आणखी ठळक पुरावा कोलकात्यात सापडतो. १९११ च्या जुलैमध्ये मोहन बागानच्या खेळाडूंनी, त्यातील बहुतेकांनी अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. तो विजय साऱ्या देशाने आपला मानला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९२० मध्ये, ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. पूर्व बंगालातून कोलकात्यात आलेल्यांचा तो संघ. फाळणीनंतर लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. घर, शेत, नदी सारे मागे राहिले. शहरात त्यांच्याकडे उपरे म्हणून पाहिले जात होते. अशा वेळी लाल आणि सोनेरी रंगाचा सदरा घातलेले अकरा खेळाडू मैदानात उतरले की, वसाहतीतील झोपडीत राहणाऱ्या माणसालाही या शहरात आपली एक जागा आहे असे वाटे. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, ही बाजारातील चढाओढ आज विनोदाचा विषय आहे. परंतु तिच्या मुळाशी एका विस्थापित समाजाची आपल्या पायाखालची जमीन शोधण्याची धडपड होती, हे विसरता कामा नये.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांसाठी कबड्डीच्या मंडळांनी हेच काम केले. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसाला मंडळाच्या मैदानावर नाव होते. गिरणीच्या मस्टरवर तो एक क्रमांक असे. मैदानावर तो अमक्या मंडळाचा चढाईपटू असे. शहर मोठे असते आणि माणूस लहान असतो; या दोहोंमधले अंतर अशा संघांनी कमी केले.

पण संघाच्या मालकाने संघच उचलून नेला तर? इंग्लंडमध्ये हे घडले आहे. लंडनच्या विम्बल्डन भागातील फुटबॉल क्लबने १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. त्याच क्लबला २००२ च्या मे महिन्यात मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या नगरात स्थलांतर करण्याची परवानगी मिळाली. चाहत्यांनी विरोध केला, निदर्शने केली. उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी सरळ नवा क्लब काढला. सार्वजनिक माळरानावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि व्यावसायिक फुटबॉलच्या उतरंडीत कितीतरी पायऱ्या खाली, नवव्या स्तरावर, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेच्या मालकीचा हा क्लब नऊ वर्षांत, २०११ मध्ये, फुटबॉल लीगमध्ये परतला आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या जुन्या भागातील प्लाव लेनवर नव्या मैदानात पहिला सामना खेळला. मालकाने कंपनी नेली; क्लब लोकांपाशीच राहिला. पुणे आणि हैदराबाद येथील चाहत्यांचे प्रेम विम्बल्डनकरांपेक्षा कमी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. फरक इतकाच की विम्बल्डनमध्ये चाहत्यांच्या संघटनेची सवय शतकभर मुरलेली होती. पुण्यात आणि हैदराबादेत तिला मुरायला वेळच मिळाला नाही.

जर्मनीने हा धोका ओळखून नियमच केला. १९९८ मध्ये तेथील क्लबांना कंपनीचे रूप घेण्याची मुभा देण्यात आली, परंतु मतांचे बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहिले पाहिजे अशी अट घालण्यात आली. या अटीला काही अपवाद आहेत आणि तिच्यावर वादही आहेत. तरीही २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतंत्र 'सुपर लीग' काढण्याची घोषणा केली, तेव्हा त्या बारांत एकही जर्मन क्लब नव्हता हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडमधील सहा क्लबांनी चाहत्यांच्या संतापापुढे दोनच दिवसांत माघार घेतली. जेथे सभासदाला मत असते तेथे संताप रस्त्यावर येण्याची वेळ येत नाही; तो सभागृहातच नोंदवला जातो.

आपलेपणाची दुसरी बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून लोकांचा संघ म्हणजे सर्व सद्‌गुणांचा पुतळा असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. 'आम्ही' हा शब्द उच्चारला की 'ते' हा शब्द त्याच्या पाठोपाठ येतोच. कोलकात्याच्या ज्या मैदानांनी निर्वासिताला घर दिले, त्याच शहरात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना पाहायला म्हणून घरातून निघालेली ती माणसे परतली नाहीत. आजही दरवर्षी त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान केले जाते. आपलेपणाचे रूपांतर वैरात व्हायला फार वेळ लागत नाही, एवढे त्या दिवसाने शिकवले.

कोल्हापूर या दोषापासून मुक्त नाही. सामन्यात हुल्लडबाजी, सामन्यानंतर दगडफेक, पेठांच्या नाक्यांवर पोलिसांचा बंदोबस्त, या बातम्या तेथील वाचकांना नव्या नाहीत. खेळाडूंच्या धडपडीपेक्षा प्रेक्षकांच्या हाणामारीची चर्चा अधिक व्हावी, हे फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या शहराला शोभणारे नाही. याचे समर्थन 'ईर्षा' या शब्दाने केले जाते. कोल्हापूरची ईर्षा प्रसिद्ध आहे आणि तिच्याशिवाय खेळाला चव नाही, हेही मान्य. परंतु कुस्तीच्या मैदानात हरलेला मल्ल जिंकलेल्याला मिठी मारतो आणि मगच मैदान सोडतो, हाही त्याच मातीचा संस्कार आहे. आखाड्याकडून ईर्षा घेतली आणि ही मिठी तेवढी मागे ठेवली, असे फुटबॉलने का करावे?

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या चाहत्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये एक वेगळे उदाहरण घालून दिले. कोलकात्यातील एका सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा शहर संतापाने पेटले होते. त्या वातावरणात १८ ऑगस्टला होणारा या दोन संघांचा सामना रद्द करण्यात आला. सामना नसतानाही दोन्ही संघांचे चाहते मैदानाबाहेर जमले आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी न्यायाची मागणी केली. शंभर वर्षे भांडत आलेल्यांना एकत्र येण्यासाठी वेगळी ओळख करून घ्यावी लागली नाही. भांडणातूनच ती झाली होती. संघावरची निष्ठा नागरिकत्वापर्यंत पोहोचते तेव्हा तिचे सार्थक होते. कोल्हापुरातही ७ जून २०२३ रोजी जातीय तणावाने रस्ते वेठीस धरले होते. ज्या शहरात एकाच छताखाली गणपती आणि पंजे बसवणाऱ्या तालमी आहेत, त्या शहराला पेठेतील शेजार जपण्याची गरज किती आहे, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

नवा माणूस कोठे बसणार?

खरी कसोटी पुढेच आहे. पेठ म्हणजे कोल्हापूर, हे समीकरण आता पुरे पडत नाही. शहर वाढले, उपनगरे वसली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले हजारो कामगार राबतात. फौंड्रीच्या भट्टीपुढे उभा राहणारा बिहारचा तरुण, उपनगरातील सदनिकेत भाड्याने राहणारी शिक्षिका, शेजारच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेला कारकून, यांना तालीम नाही. त्यांच्या आजोबांनी कोणत्या पेठेत जोर मारले नाहीत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांची जागा कोणती? पेठेत जन्म हीच जर सभासदत्वाची अट असेल, तर लोकांचा संघ आणि धनिकाचा संघ यांच्यात या नव्या माणसापुरता काही फरक उरत नाही. उलट तिकीट काढून येणाऱ्याची जात, गाव, पेठ कोणी विचारत नाही, हा तिकिटाचा गुण वर्गणीवाल्यांनी मान्य केला पाहिजे.

याचे उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. खासबागचे मैदान पंजाबपासूनच्या मल्लांसाठी खुले होते आणि येथील तालमींनी बाहेरगावच्या पोरांना आसरा देऊन घडवले. मराठवाड्यातून आलेले हरिश्चंद्र बिराजदार गंगावेश तालमीत घडले आणि कोल्हापूरचेच म्हणून ओळखले गेले. 'तुझे गाव कोणते' हा प्रश्न तालमीच्या दारात विचारला जाई. पण त्याच्या उत्तरावर आत घ्यायचे की नाही हे ठरत नसे. जो माती अंगाला लावील तो तालमीचा, असा तेथील न्याय होता. फुटबॉलमध्येही फुलेवाडीसारख्या जुन्या पेठांबाहेरच्या भागाने आपला संघ उभा करून मातब्बर तालमींच्या पंक्तीत स्थान मिळवले. दार बंद नाही. ते आपणहून उघडून धरण्याची तयारी मात्र हवी.

दुसरे संकट याहून अवघड आहे, कारण ते आतून आले आहे. वर्गणीवर चाललेल्या संघांचा खर्च वाढत गेला. बाहेरगावचे, क्वचित परदेशांतलेही खेळाडू मानधन देऊन आणले जाऊ लागले. स्पर्धांना पुढाऱ्यांच्या नावांचे चषक लागले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या. शंभर घरांच्या वर्गणीपेक्षा एका दात्याचा धनादेश सोपा असतो. घरोघर फिरण्याचे कष्ट वाचतात. परंतु ज्या दिवशी संघ एका धनादेशावर चालू लागतो, त्या दिवशी तो पेठेचा राहत नाही. दाता आज उदार असेल. उद्या निवडणूक संपेल, व्यवसाय बसेल किंवा मन फिरेल. मग पुण्याच्या आणि हैदराबादच्या संघाचे जे झाले तेच तालमीचे होण्यास कितीसा वेळ? देशातील सर्वांत मोठ्या लीगवर हीच वेळ आली. संयोजक कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातील कराराचे भवितव्य ठरेना, म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम लांबणीवर टाकण्यात आला. कोट्यवधींचे संघ कागदावरच्या एका करारासाठी खोळंबून राहिले. वरच्या दोरीवर लोंबकळणाऱ्या वस्तूला दोरी तुटण्याचे भय असतेच.

गोव्याने याची किंमत याआधीच मोजली आहे. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या नामवंत क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉलच्या प्रस्तावित फेररचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. ज्या भूमीत गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी फुटबॉल रंगतो, तिच्या जुन्या क्लबांना देशाच्या नकाशावर दुय्यम जागा देऊ करण्यात आली होती. नवा संघ आला, त्याने यशही मिळवले. परंतु गावचा मुलगा, गावचा क्लब आणि देशाची स्पर्धा अशी जी शिडी होती तिच्या मधल्या पायऱ्या निखळल्या.

दोन्ही हवे, पण कसे?

व्यावसायिक संघांना सरसकट नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये उतरला. गुणी खेळाडूला उपजीविका, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि देशपातळीवरची स्पर्धा तालीम देऊ शकत नाही. ती व्यावसायिक संघच देतात. पेठेतील मुलाने पेठेतच अडकून राहावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि हेही खरे की त्या मुलाच्या पायात पहिला चेंडू कोणत्याही लीगने दिला नाही. तो गल्लीने दिला. गल्ली वाळली तर लीगला खेळाडू कोठून मिळणार?

म्हणून करण्यासारखी कामे साधी आहेत आणि ती तालमींनाच करता येण्याजोगी आहेत. प्रत्येक संघाने आपला वार्षिक हिशेब पेठेपुढे वाचावा. मोठी देणगी जरूर घ्यावी, पण तिच्यावाचून संघ उभा राहील इतकी वर्गणी लहान लहान हातांतून गोळा करण्याचे कष्ट सोडू नयेत. सभासदत्व राहत्या पत्त्यावर किंवा आजोबांच्या नावावर न ठेवता, जो वर्षाची वर्गणी देईल आणि नियम पाळील त्या प्रत्येकाला ते खुले असावे. कामगाराला आणि उपनगरवासीयाला ते मुद्दाम देऊ करावे. संघात पेठेतील व परिसरातील मुलांची संख्या बाहेरून आणलेल्या खेळाडूंपेक्षा नेहमी जास्त राहावी. मुलींच्या संघांना मुलांच्या संघांइतकेच मैदान मिळावे आणि कुटुंबासह सामना पाहता येईल अशी शिस्त प्रेक्षकांत असावी; जेथे आई आणि बहीण निर्धास्तपणे बसू शकत नाही तेथे निम्मी पेठ गैरहजर असते. आणि चाहत्याने केलेल्या हुल्लडीची जबाबदारी पोलिसांवर ढकलण्याऐवजी तालमीने स्वतःकडे घ्यावी. गल्लीतील पोराचा कान धरण्याचा अधिकार तालमीला आहे. तो पोलिसांच्या लाठीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

शासन आणि महानगरपालिका यांचेही कर्तव्य यात आहे. मैदाने ही शहराची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी बळी जाणारी मालमत्ता असते. इमारतीसाठी, वाहनतळासाठी, प्रदर्शनासाठी मैदान मागितले जाते आणि ते दिले जाते, कारण मैदानाच्या बाजूने बोलणारा संघटित आवाज नसतो. स्थानिक संघांचे सभासद हा आवाज होऊ शकतात. संघाला पाठिंबा देणारा माणूस मैदान वाचवायला उभा राहिला, तर त्याचा पाठिंबा शहराच्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.

माणसे आज पूर्वीपेक्षा अधिक संख्येने शहरांत राहतात आणि पूर्वीपेक्षा अधिक एकाकी असतात. त्यांना कोणत्या तरी 'आम्ही'मध्ये सामील व्हायचे असते. ही ओढ कोणी सदरे विकून भागवील, कोणी द्वेष शिकवून भागवील. तालमीचा मार्ग या दोहोंहून कष्टाचा आहे: त्यात दर महिन्याला दार ठोठावून वर्गणी मागावी लागते, हिशेब द्यावा लागतो, शिव्या खाव्या लागतात, हरलेल्या पोरांना रात्री घरी पोहोचवावे लागते आणि सकाळी मैदानावर पाणी मारावे लागते. कोल्हापूरच्या पेठांनी हे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या घेतले, म्हणून पुण्याचा संघ हैदराबादला आणि हैदराबादचा दिल्लीला गेला तरी मंगळवार पेठेचा संघ मंगळवार पेठेतच आहे. तो तेथे राहील की नाही, हे यापुढे पेठेच्या वर्गणीच्या वहीत किती नावे आहेत आणि त्यांत नव्याने आलेल्यांची किती आहेत, यावर ठरेल.